कंपॅनियन म्हणजे कोण?

हावड्याहून सुटलेल्या लाँचवर शेजारी बसलेला मुलगा पुस्तकात डोकं खुपसून चक्क मराठीत पुटपुटत होता— कंपॅनियन म्हणजे सोबती, कंपॅनियन म्हणजे सोबती... मला राहवेना. असं घोकून काही डोक्यात राहत नाही, मी म्हटलं. तो असा दचकला, की पुस्तक हुगळीत पडता पडता वाचलं.

सलील पुण्याचा, हावड्याला बँकेत अधिकारी. प्रमोशनच्या इंटरव्ह्यूसाठी इंग्रजी पक्कं करत होता. मी कादंबरी, तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते, राहते नदीपलीकडे बालीगंजला. शिकवायची खाज घरी जातानाही सुटत नाही. सांगून टाकलं, की शब्द मूळचा लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा, तो कंपॅनियन. प्रवासातला असो नाहीतर आयुष्यातला. आता वाक्यात वापरून दाखवा, म्हटलं. त्यानं नुसता डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे धरली. आगाऊ कुठला! पोळी मात्र मी घेतली.

मग रोज संध्याकाळी तीच लाँच. वाऱ्यानं माझे केस उडायचे, आणि तो शिकवलेले शब्द विसरायचा— मुद्दाम, कळायचं मला. प्रमोशन मिळालं आणि मी धास्तावले. प्रमोशन म्हणजे बदली. इथे आलेला मराठी माणूस रुजू होतो त्याच आठवड्यात घराकडची बदली मागून ठेवतो. यानंही पुणं मागितलं होतं, मला भेटण्याच्या कितीतरी आधी. जाऊ नकोस, म्हणायचं होतं... पण कुठल्या तोंडानं? मी त्याची कोण?

ऑर्डर आली त्या रविवारी मराठी मंडळात जेवण होतं. पुणं नाही, बराकपूर. इथून लोकलनं जेमतेम तासाभरावर. सगळ्या काकूंनी हळहळायला सुरुवात केली. माझी आई तर त्याच्या पानात जास्तीचं श्रीखंड वाढत म्हणाली, मिळेल हो पुढच्या वेळी. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं,

"बरं झालं."

अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मेले, वाटलं.

सलीलनं शांतपणे मान वर केली. "काकू, पुणं मीच नको म्हणून कळवलं. मला कादंबरीजवळ राहायचंय... तुमची हरकत नसेल तर."

इतक्या दिवसांचं दडपण एकदम उतरलं आणि मला सगळ्यांसमोर रडूच फुटलं. आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग बराकपूर तरी कशाला रे," ती म्हणाली, "एवढं लांब?"