सरासरीत हरवलेले ठोके

रत्नागिरीच्या एका तंत्रनिकेतनात कंपनं मोजायची नवी यंत्रणा घ्यायची होती, आणि ती निवडायचं काम महेंद्र नावाच्या मास्तराच्या गळ्यात पडलं. टेबलावर तीन कंपन्यांची, सेन्सर लॅपटॉपला जोडणारी कार्डं, लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअर. कंपन टिपायचं, त्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायच्या आणि कोण खरं बोलतं ते ठरवायचं. महेंद्र मुलखाचा चिकित्सक, भेंडी घेतानाही टोक मोडून बघणारा. तिन्हींत एकच जुनी नोंद घालून पाहू म्हणाला, आणि हाताला लागली ती गेल्या वैशाखातली, केरूच्या विहिरीची.

केरू विहिरी खणायचा. पंचेचाळीस फुटांवर असताना वरचा कडा ढासळला आणि तो गाडला गेला. जमिनीला सेन्सर लावून बघा, जिवंत असला तर ठोकेल, म्हणून गावाने महेंद्रला बोलावलं. त्याने कॉलेजचं स्वस्तातलं कार्ड नेलं. गोंगाट कमी दिसावा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सरासरी चालू ठेवली. आलेख सपाट आला. "खाली कुणी नाही," तो म्हणाला. कडा आणखी सुटत होता, वरचीही माणसं गेली असती. त्याच्या शब्दावर गावाने डंपरने माती ओतून विहीर बुजवली.

आता तीच कच्ची नोंद नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालून त्याने सरासरी बंद केली आणि ठोके दिसले. तीन, मग थोडं थांबून तीन. वर्गाची सरासरी काढली की एकटा नापास पोरगा कुठे दिसतो? तसे ते अधूनमधून येणारे ठोके पुसले गेले होते. पावणेदोन तास केरू ठोकत होता. महेंद्रला स्वतःची शिसारी आली. पण तो कुणाला काही बोलला नाही.

आठवड्याने केरूच्या बायकोचा, कमळाचा फोन आला.

"सर, दुपारची चिरेखाण बंद झाली की विहिरीतनं आवाज येतो. लोक म्हनतात मना भास होतात. तुमी एकदा येऊन बगा. तुमी सांगलाव तर मी मानीन."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. या खेपेला मात्र त्याने ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. तिघांतलं सगळ्यात चांगलं कार्ड घेतलं, चार सेन्सरची कंपनं एकाच वेळी टिपणारं. विजेची घरघर नको म्हणून लॅपटॉप बॅटरीवर, आणि सरासरी बंद. ठोका चौघांकडे किती फरकाने पोचतो, यावरून तो किती खोलवरून आला ते हे सॉफ्टवेअर सांगायचं.

ऊन मी म्हणत होतं. तीन सेन्सर त्याने भोवतीच्या कातळात भोकं पाडून रोवले, चौथा मधोमध, बुजवलेल्या मातीत. कमळा पदर डोक्यावर घेऊन शेजारी बसली. एक वाजता चिरेखाणीतली यंत्रं जेवणासाठी थांबली आणि माळावर एकदम शांत झालं. एवढ्या उन्हातही ओल्या मातीचा वास यायला लागला.

पडद्यावर चारही रेघा एकदम उसळल्या. एकदा, दोनदा, तीनदा. खाली आकडा उमटला: पंचेचाळीस फूट.

"काय दिसतंय ओ?" कमळाने हळूच विचारलं.

"थांबा वहिनी..."

पुन्हा तीन. अडतीस फूट. एखादी गाडी असेल म्हणून त्याने मान वळवली. रस्ता ओस होता. पुन्हा तीन ठोके, सव्वीस फूट. मग चौदा. मग सहा. आणि ठोके थांबले.

"हायत काय ह्ये खाली?" कमळाचा आवाज जेमतेम आला. "तवा... तवा व्हते काय?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं, आणि त्याला तिची भीती वाटली, स्वतःच्या नावाची वाटली.

"नाही वहिनी. तेव्हाही नव्हतं, आताही नाही... खाली कुणी नाही."

त्याच्या पायाजवळून काहीतरी सरकलं. चौथ्या सेन्सरची केबल होती. सेन्सर मातीवर दिसत नव्हता, आणि केबल वीतवीत करून आत चालली होती. महेंद्रने ती दोन्ही हातांनी धरली. खालून एक हिसका बसला, मग दुसरा. मग केबल सैल पडली. त्याने ओढली तशी ती भराभर वर आली.

सेन्सर नव्हता. केबलचं पितळी टोक मात्र धड होतं. ते तुटलं नव्हतं की ओरबाडलं नव्हतं. कुणीतरी आटे फिरवून ते नीट सोडवलं होतं.

कमळा त्या टोकाकडे बघत राहिली. ती घाबरली नव्हती, आणि त्याचंच महेंद्रला जास्त भय वाटलं.

"त्या यंत्रानं आयकू येतं ना, सर?"

"हो... येतं."

"मंग त्यांनी घेतलानी."

ती उठली, दोन पावलं मागे सरली आणि मातीजवळची जागा तिने त्याला मोकळी करून दिली.

"बोला आता," ती म्हणाली. "ते आयकतायत..."