अडीच सेकंदांचं भांडण

कस्तुरी कदम हबकली. अगदी हातातला लाडू खाली पडेपर्यंत हबकली. तिच्या कानांत तिचाच आवाज कविता म्हणत होता, आणि प्रत्येक ओळीआधी अडखळत होता. आता गंमत अशी, की ती कविता म्हणताना कस्तुरी एकदासुद्धा अडखळली नव्हती. देवाशप्पथ नव्हती!

हे झालं कसं, ते पहिल्यापासून सांगायला हवं.

जुगल काव्यवाचन स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच चंद्रावरच्या मुलांना घेतलं होतं. जोडीतलं एक मूल पृथ्वीवर, दुसरं चंद्रावर. कविता स्वतःची. एक ओळ इथून म्हणायची, तिला उत्तर देणारी ओळ तिथून. चित्र नाही, हातवारे नाहीत, नुसता आवाज. तोही एका दमात रेकॉर्ड करायचा, मागाहून कापाकापी चालणार नाही. कराडच्या कस्तुरीनं हे नियम वाचले आणि टुणकन उडीच मारली. जोडीदार कोण, हे काय विचारायचं? शाल्मली, म्हणजे शालू, तिची बालवाडीपासूनची जिवलग मैत्रीण. शालूची आई चंद्राच्या जमिनीखालचा बर्फ काढायच्या कामावर गेली आणि पोरीलाही घेऊन गेली. तेव्हापासून दोघी एकमेकींना आवाजी निरोप पाठवायच्या. निरोप रांगेत पडायचा आणि तासा-दोन तासांनी पोचायचा. समोरासमोर बोलल्यासारखं बोलणं मात्र कधी झालं नव्हतं, कारण थेट लाइन फक्त कामाच्या माणसांना मिळे. स्पर्धेसाठी ती दोघींना दोनदा मिळणार होती. एकदा रंगीत तालमीला आणि एकदा खऱ्या रेकॉर्डिंगला.

तालमीच्या दिवशी कस्तुरी शाळेच्या आवाजघरात (बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारी खोली) बसली. समोर कानसेन. कानसेन हा यंत्रमानव. आवाज टिपायचा, तपासायचा आणि गुण द्यायचे, हेच त्याचं काम. दिसायला पितळी तांब्यासारखा, पण कान भलताच तिखट.

"सांग सखे, चांदोबाच्या शेतात काय पिकतं?" कस्तुरीनं झोकात सुरुवात केली.

पलीकडून काहीच नाही. मग कुठे शालूचा आवाज आला, "धूळच धूळ! पण पाऊल उमटलं की कायमचं टिकतं!"

कस्तुरीनं पुढची ओळ लगेच म्हटली. पुन्हा तीच शांतता, आणि मग शालू. शेवटपर्यंत तेच. शेवटच्या दोन ओळींना तर कहर झाला.

"हाक दिली मी इथून, तर तू ऐकशील ना गं?"

पुन्हा सगळं चिडीचूप. आणि मग, "तुझा श्वास सरायच्या आत ओ देईन ना गं!"

श्वास सरायच्या आत म्हणे! कस्तुरीचे दोन श्वास सरून गेले होते.

"पृथ्वीवरील स्पर्धक उत्तम," कानसेननं निकाल दिला. "चंद्रावरील स्पर्धक प्रत्येक ओळीआधी अडखळते. उद्या असंच झालं, तर जोडी बाद."

बाद! कस्तुरीचं टाळकंच फिरलं. तिनं तिथल्या तिथे निरोप ठोकला, "शालू, तू काहीएक पाठ केलं नाहीस! तिकडे गेलीस आणि बदललीस. तुला माझी काही पडलेलीच नाही!"

संध्याकाळी उत्तर आलं. शालूचा आवाज रडवेला आणि तापलेला होता. "मी? अडखळत तू होतीस! इथला कानसेन म्हणतो, तुझ्यामुळे आपण बाद होणार. इकडचं रेकॉर्डिंग ऐक, मग बोल. नाहीतर नकोच बोलूस माझ्याशी!"

कस्तुरीनं आवाजघरातच ते रेकॉर्डिंग लावलं, आणि लाडू पडला तो इथे. त्यात शालू फाडफाड उत्तरं देत होती, आणि रखडत होती ती कस्तुरी!

"यानं बदललं! या तांब्यानं!" ती कानसेनवर धावून गेली.

"मी कान आहे, कात्री नाही," कानसेन दुखावून म्हणाला. "दोन्ही रेकॉर्डिंगं अस्सल आहेत."

"एकच कविता, एकाच वेळी म्हटलेली. मग एकात ती उशिरा आणि दुसऱ्यात मी उशिरा, असं कसं होईल? कोणीतरी खोटं बोलतंयच!"

"कोणी नाही बोलत," दारातून आवाज आला. आत्याआजी कस्तुरीला न्यायला आली होती. ही कस्तुरीच्या बाबांची आत्या. हिचा उभा जन्म नियंत्रण कक्षात (अवकाशयानांशी बोलायची खोली) गेला होता. तिनं दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! जिवलग मैत्रिणी ना तुम्ही? आणि या एवढ्याशावरून एकमेकींचा जीव खाताय? ऊठ. कोपऱ्यातला तो चेंडू घे."

शाळेचा व्हरांडा चांगला लांबलचक होता. आत्याआजीनं कानसेनला एका टोकाला उभं केलं आणि कस्तुरीला दुसऱ्या.

"चेंडू म्हणजे तुझी ओळ. सोड तिकडे. कानसेन, चेंडू पोचला रे पोचला की लगेच परत ढकलायचा."

चेंडू गडगडत गेला, गडगडत आला.

"तुझ्या हातून सुटल्यापासून परत येईपर्यंत वेळ गेला?"

"गेला की, बराच!"

"म्हणजे कानसेननं उशीर केला?"

"छे, त्यानं लगेच ढकलला."

"आता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहा आणि बघ." आत्याआजीनं स्वतः चेंडू सोडला. कानसेनपाशी तो आला आणि तत्क्षणी उलटा निघाला. इथे थांबणं असं नव्हतंच. वाट बघायची पाळी आली ती चेंडू आत्याआजीकडे जाऊन परत येईपर्यंत.

कस्तुरीनं आ वासला. "म्हणजे ज्याच्याजवळ उभं राहावं, त्याला समोरचाच उशीर करतो असं वाटणार?"

"आता गाडी रुळावर आली. चंद्र किती लांब?"

"पावणेचार लाख किलोमीटरांच्या वर."

"तुमचा आवाज तिकडे कशावरून जातो?"

"रेडिओलहरींवरून (प्रकाशाची भावंडं, पण डोळ्यांना न दिसणारी). त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. परीक्षेत आलं होतं, पैकीच्या पैकी मार्क होते मला!"

"मार्क कागदावर पडले, डोक्यात नाही पडले. जायला साधारण सव्वा सेकंद लागतो, यायला तेवढाच. किती झाले?"

"अडीच," कस्तुरी पुटपुटली. तेवढा वेळ शालू गप्प नव्हतीच. आधी कस्तुरीची ओळ वर चालली होती, मग शालूची खाली येत होती. दोघींपैकी कोणीही क्षणभरसुद्धा थांबलं नव्हतं. आणि ती काय काय बोलून बसली होती! तुला माझी पडलेलीच नाही, असं! तिला स्वतःचाच राग आला आणि रडूही आलं.

"माझ्या नियमांत चंद्रच नाही!" कानसेन चक्रावून म्हणाला. "मला पृथ्वीवरच्या स्पर्धांसाठी बनवलंय. उत्तर लांबलं की अडखळलं, एवढंच मला ठाऊक."

"मग उद्या आम्ही बाद?" कस्तुरीनं डोळे पुसले. ती व्हरांड्याकडे बघत राहिली आणि एकाएकी धावत जाऊन बरोब्बर मधोमध उभी राहिली. "आजी, आता सोड चेंडू!"

चेंडू तिच्यासमोरून गेला, कानसेनला शिवून परत आला, आत्याआजीला शिवून पुन्हा आला. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ!

"कान मधोमध ठेवायचा!" कस्तुरी ओरडली. "मग दोघींच्या ओळींआधी सव्वा-सव्वा सेकंदाची शांतता येईल. कोणी एकटीच अडखळल्यासारखी वाटणार नाही!"

"शाब्बास गं माझी वाघीण! थांबणं संपत नाही, वाटून घेता येतं," आत्याआजी म्हणाली. "एवढ्यावर निभावलंय. मंगळावर माणसं राहायला गेली, की एका ओळीला उत्तर यायला कित्येक मिनिटं लागतील. तिथल्या मुलांशी जुगलबंदी कशी करायची, ते तुम्हीच शोधा."

कानसेननं सगळा प्रकार स्पर्धेच्या आयोजकांना कळवला. तेही थक्क झाले. चंद्राकडे निघालेलं एक मालवाहू यान सकाळी वाटेच्या मधोमध असणार होतं. तिथलं रेकॉर्डिंग चालेल, असं ठरलं. कस्तुरीनं शालूला चेंडूचा प्रयोग समजावून सांगितला. माफी मागायला मात्र तिचं तोंड उघडेना. शालूचं उत्तर आलं, "कळलं. उद्या येते." बस्स. ना हसणं, ना 'कस्तू' म्हणणं. कस्तुरीला जेवण गेलं नाही. स्पर्धेचं एक वेळ राहू दे, शालूच तुटली तर काय करायचं?

सकाळी रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला. कविता सुरू झाली. या वेळी शांतता आली तेव्हा कस्तुरी घाबरली नाही. आपली ओळ आता शालूकडे पोचतेय, आता तिची निघाली असेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. शालूची शेवटची ओळ आली आणि दिवा विझला. लाइन बंद व्हायला थोडेच क्षण उरले होते. आता नाही बोललं तर कधी बोलणार?

"शालू, चुकलं माझं," ती एका दमात बोलून गेली.

तिचा शेवटचा शब्द तोंडातच होता, तोच शालूचा आवाज आला, "कस्तू, चुकलं गं माझं. तसं बोलायला नको होतं."

आणि लाइन बंद झाली.

कस्तुरी हसली, आणि पुढच्याच क्षणी हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळे मोठ्ठे झाले.

"आजी! हे उत्तर नव्हतं!"

"काय नव्हतं?"

"अगं, माझं 'चुकलं' तर अजून चंद्रावर पोचलंसुद्धा नव्हतं! उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, आणि हे तर लगेच आलं. म्हणजे ती माझं ऐकून नाही म्हणाली. तिनं आपणहूनच म्हटलं! माझा शब्द पोचायच्या आधीच ते तिकडून निघालं होतं!"

आत्याआजीनं पदरानं चष्मा पुसला.

"यानावरून अहवाल आला," कानसेन म्हणाला. "कविता पूर्ण. दोन्ही स्पर्धक सारख्याच वेळात उत्तर देतात. अडखळणं नाही. जोडी स्पर्धेत आहे. मात्र कवितेनंतरचं बोलणंही तिथे टिपलं गेलंय, आणि दोघींचे आवाज एकमेकांत मिसळलेत. कोण आधी 'चुकलं' म्हणालं, ते वेगळं काढून सांगू?"

"नको रे बाबा," कस्तुरी म्हणाली. "तसंच राहू दे."