तळघरातली रांग

बसा. गॅलरीतला दिवा मालवा, नाहीतर किडे येतील. ही गोष्ट ऐकीव नाही. सिद्धेश आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा. आणि त्या संध्याकाळी गाडी मीच चालवत होतो.

गेल्या वर्षीची एकवीस जून, शनिवार. सिद्धेश आणि त्याची बायको उर्जा, दोघांना मी सहलीच्या निमित्ताने घराबाहेर काढलं होतं. साठ वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून, इटलीतून इथल्या जर्मन कारखान्यांसाठी माणसं आणली, गाड्या भरभरून. त्यांच्या खुणा बघायच्या होत्या. सकाळी कोलोनचं डॉइत्स स्टेशन पाहिलं, जिथे त्या गाड्या थांबायच्या. मग शहराबाहेर, त्या कामगारांचं एक जुनं वसतिगृह. आता तिथे दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. भरतीच्या तपासणीत उघड्या छातीवर आकडे घातलेल्या माणसांचे फोटो तिथे लावलेत. गावाचं नाव नाही सांगत.

सहल कसली! पोराचं लक्षच नव्हतं. मार्चमध्ये नोकरी गेलेली. दुसरी शोधायला तीन महिने मिळाले होते, त्यातले नऊ दिवस उरलेले; नाही मिळाली तर देश सोडायचा. उर्जाला आठवा महिना, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलेलं. पुण्याला आईवडिलांना यातलं काही सांगितलं नव्हतं. मला एकदाच म्हणाला, "काका, कुणीतरी पासपोर्टवर एक शिक्का मारून द्यावा. बदल्यात काय वाटेल ते मागावं."

संग्रहालयाच्या हिरवळीवर आम्ही डबे खाल्ले. गाडीत बसलो आणि उर्जाच्या लक्षात आलं, शाल आतल्या बाकावर राहिली.

"तू बस, मी आणतो," सिद्धेश म्हणाला.

पावणेदहा वाजले होते; त्या शनिवारी संग्रहालय रात्री उशिरापर्यंत उघडं होतं. आकाशात अजून उजेड होता. इथला जून तुम्हाला माहीतच आहे.

आत काय झालं ते त्याने नंतर मला सांगितलं. शाल बाकावरच होती. ती घेऊन तो वळला, तर जिन्याखालचं दार उघडं. खालून आवाज येत होता. ठक. मग शांतता. पुन्हा ठक.

शिक्का.

त्याला दुसरं काही सुचलंच नाही. उतरला.

खाली माणसांची रांग. जुने कोट, दोरीने बांधलेल्या पेट्या. पलीकडे टेबल, टेबलामागे मान खाली घातलेला एक माणूस. ही कोण माणसं, एवढंही याने स्वतःला विचारलं नाही. गुपचूप रांगेत उभा राहिला.

माणसं शर्टाची बटणं काढत होती. यानेही काढली.

पुढचा माणूस वळला. त्याची भाषा सिद्धेशला येत नव्हती. तरी कळली.

"वाट बघणारं कोणी आहे?"

"आहे. बायको."

त्या माणसाने पेटीची दोरी आवळली.

"माझीही होती."

ठक.

रांग सरकली. पुन्हा सरकली. आता पुढे कोणीच नव्हतं.

टेबलामागच्या माणसाने मान वर केली नाही.

"कधीपर्यंत राहायचंय?"

तीन महिने... हेच कोणीतरी विचारावं म्हणून तडफडत होता तो.

"का..."

कायमचं. असं म्हणायचं होतं त्याला.

तेवढ्यात वरून हाक आली. उर्जाची.

इकडे पंचवीस मिनिटं झाली होती. फोन लागत नव्हता. उर्जा पोट सावरत आत गेली, मी मागोमाग. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई, फ्राऊ एसर, गोंधळल्या. "अहो, तळघर तर बंद असतं. कित्येक वर्षं कोणी उघडलेलं नाही." जिन्याखालच्या दाराला कुलूप होतं, गंजलेलं. पण उर्जा ऐकेना. दारावर मुठी आपटत सुटली.

"सिद्धेश! मला एकटीला नाही रे जमणार! बाहेर ये!"

किल्ली मिळाली, पण कुलूप फिरेना. शेवटी तेल घालून मी आणि फ्राऊ एसरनी जोर लावला.

तो आत होता. अंधारात, भिंतीकडे तोंड करून. हातात शाल, शर्ट उघडा. उर्जाने त्याला घट्ट धरलं. तेव्हा एवढंच म्हणाला,

"मी बोललो का गं? पूर्ण बोललो का?"

सातव्या दिवशी नोकरी लागली. मे महिन्यात मुलाखत दिली होती, तिथूनच पत्र आलं. मुलगी झाली, अन्वी. आता दुसऱ्या शहरात, त्सुफेनहाउझेनला असतात. तुम्ही म्हणाल, ताण होता, भास झाला. मीही तेच म्हणालो असतो.

पण त्या रात्री गाडीत उर्जा त्याची बटणं लावत होती, म्हणून मी आतला दिवा लावला. छातीवर, डावीकडे, जांभळ्या शाईत आकडा उमटलेला. बत्तीस. साबण झाला, स्पिरिट झालं, त्वचेचे डॉक्टर झाले. जात नाही.

परवा एकवीस जूनला, बरोबर वर्षाने, उर्जाचा फोन आला होता.

म्हणाली, "काका, आज सकाळी एकतीस झालाय."