रात्रपाळीची साक्ष

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि तू, कॉलेजकुमार, तो प्रकल्प जरा बाजूला ठेव. कुठून उतरवलास? नेटवरून. आणि नेटवाल्यानं कुठून उतरवला? बघ, माहीत नाही. मग ऐकच, गोष्ट तुझ्याच कामाची आहे.

माझा एक दोस्त आहे. आम्ही त्याला मूळपुरुष म्हणतो, कारण काहीही सांगा, हा विचारणार, याचं मूळ काय? अमक्याचा मुलगा नापास झाला म्हटलं तर म्हणेल, "निकाल पाहिलास की कुणी सांगितलं?" एक नंबरचा चिकट. बायको गेल्यावर घरात तो आणि त्याचे कागद. जेवायला बसला तरी समोर पुस्तक टेकवून बसायचा, म्हणजे समोरची खुर्ची दिसत नाही. मी अधूनमधून जायचो. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं माझं काम, आणि त्याचं पुस्तक माझ्याच हाताखालून जाणार होतं.

पुस्तक महापुराचं. पन्नासेक वर्षांपूर्वी एका रात्रीत नदी गावात शिरली आणि खालची गल्ली निम्मी वाहून गेली. तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणूस बसायचा. तुम्ही नंबर सांगायचा, तो वायर जोडून द्यायचा. नदीकाठच्या त्या एक्स्चेंजमध्ये त्या रात्री एक तरुण मुलगी ड्यूटीवर होती. पुरावर जेवढी पुस्तकं निघाली, तेवढी सगळी सांगतात की पाणी आत येताच ती पळाली, म्हणून खालच्या गल्लीला कुणी सावध केलं नाही. मुलगी काही सापडली नाही. म्हणजे उलटून बोलायलाही कुणी नाही.

मूळपुरुषानं सगळी पुस्तकं शेजारी शेजारी मांडली. प्रत्येकात पुराचा वार गुरुवार. यानं त्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, तर बुधवार निघाला. आता इतक्या जणांची चूक एकच कशी होईल? एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे झाकून त्याची री ओढली. आणि त्या पहिल्यानं तरी काय लिहिलं होतं? 'असे म्हणतात.' बस. तेवढ्यावर एका पोरीची अब्रू गेली.

त्या मुलीची धाकटी बहीण अजून होती. निवृत्त नर्स, एकटीच राहायची. लग्न ठरता ठरता मोडलं, का ते तुम्ही ओळखा. पळपुटीची बहीण. ती मूळपुरुषाला म्हणाली, "तुमचं पुस्तक शेवटचं. यानंतर कोण लिहिणार आहे? ताई पळाली असेल तर तसं लिहा. पण आधी शोधा."

याची एक पद्धत होती. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही स्वतः तिथे होतात का?" हो म्हटलं, तर ती अस्सल साक्ष. नाही म्हटलं, तर ऐकीव, तिचं वजन कमी. बाई म्हणाल्या, "नाही, मी घरी होते. नऊ वर्षांची." यानं मोबाइल खिशात घातला, नमस्कार केला आणि उठला. असा हा माणूस.

तिथे असलेलं कुणी सापडेना. शेवटी ठरवलं, निदान ती खोली बघू, पाणी कुठवर चढलं ते मोजू. एक्स्चेंज कधीच बंद पडलेलं. खोलीत नगरपालिकेच्या मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, त्यांच्यावर आणि जमिनीवर बोटभर धूळ. शिपायानं ऑफिस सुटल्यावर किल्ली दिली. तेवीस नोव्हेंबर, शनिवार. रात्रीचे साडेनऊ झाले असतील.

टेप लावून त्यानं भिंत मोजली. आकडे बोलून ठेवावेत म्हणून मोबाइल काढला. आवाज नीट येतो का, हे बघायची त्याची रीत अशी, की तोच पहिला प्रश्न म्हणायचा, उत्तराएवढा वेळ थांबायचं आणि मग ऐकून बघायचं. सवयच ती. रिकाम्या खोलीत तो म्हणाला,

"तुम्ही स्वतः तिथे होतात का?"

आणि थांबला.

"होते."

बाईचा आवाज. भिंतीकडून. जिथे पूर्वी वायर जोडायचा बोर्ड होता तिथून.

तो वळला नाही. मान वळेचना. टेप हातातून सुटली. पण माणूस बघा, तोंडातून निघाला दुसरा प्रश्न.

"काय... काय पाहिलंत?"

"अंधार होता. घरोघरी घंटा देत होते."

"पाणी?"

"खुर्चीपर्यंत."

"मग निघाला का नाहीत?"

...

"अजून घरं राहिली होती."

बाहेर एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज विरला. मग अगदी हळू, जवळून...

"कुणी उचलला का हो?"

आता तुम्ही आम्ही काय म्हटलं असतं? हो बाई, उचलला. निदान तेवढं तरी. पण हा मूळपुरुष. आयुष्यभर जे म्हणत आला तेच म्हणाला.

"त्याला... पुरावा नाही."

कुणी रडलंही नाही. तो मला म्हणाला, "अरे, रडली असती तर बरं झालं असतं."

पळत सुटला, तो थेट बाईंच्या दारात. दार उघडलं तर याची बोबडी वळलेली. तिथंच मोबाइल लावला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त याचे प्रश्न. मध्ये रिकामं. पुन्हा प्रश्न. पुन्हा रिकामं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"मी उचलला होता."

"काय?"

"ताई नोकरीला, म्हणून खालच्या गल्लीत आमच्याकडे फोन होता. मीच उचलला. 'वर जा, सगळे वर जा' असं ओरडत होती. मी ताई ताई करत होते, तिला ऐकू जात नव्हतं. 'कुणी आहे का' म्हणाली आणि फोन बंद झाला. मी बाबांना उठवलं. आम्ही वाचलो ते त्या फोननं. मोठ्यांना सांगितलं, तर म्हणाले पोरीला स्वप्न पडलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत तिथे होतात का. फोन आला होता का, असं कुठं विचारलंत?"

त्याला तोंड वर करवेना. बाईंनी शाल घेतली. तशाच रात्री दोघं परत गेले. तो दाराशीच उभा राहिला. बाई सरळ आत गेल्या, खुर्च्यांमधून त्या भिंतीपाशी. साठीची बाई, पण आवाज लहान मुलीचा झाला होता, म्हणाला तो.

"ताई. मी उचलला होता गं. आम्ही वर गेलो. सगळे."

उत्तर नाही.

"आता राहिलं नाही कुणी."

मग बाई वळल्या, यानं कुलूप लावलं. त्यांना घरी पोचवलं.

पुस्तकात बाईंची साक्ष नावानिशी छापली. मुद्रितं मीच तपासली, बुधवारसुद्धा बरोबर आहे.

पण ते नंतरचं. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी टेप आणायची म्हणून तो मला ओढून घेऊन गेला. एकट्यानं पाहिलेलं धरत नाहीत, म्हणाला. किल्ली शनिवारपासून त्याच्याच खिशात होती. कुलूप मी काढलं. धुळीत त्याच्या बुटांचे ठसे होते, जाताना-येतानाचे. बाईंच्या चपलांचे होते, जाताना-येतानाचे.

आणि अनवाणी पावलं होती. लहानशी, बाईमाणसाची. भिंतीपासून निघून दारापर्यंत गेलेली. मी खाली बसून नीट पाहिलं, खुर्च्या सरकवून पाहिलं.

आत येणारं एकही नव्हतं.