पोच कुणाच्या मालकीची?

निरोप गेला, पण पोच काही आली नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय! सांगते. माझी आई समुद्रात बेचाळीस किलोमीटर आत, पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर दुरुस्तीचं काम करते. एकवीस दिवसांची पाळी. तिथला उपग्रहफोन फक्त कामापुरता. या वेळी निघायच्या आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी, जुईली कुबल, वय वर्षं बारा, तोंड फुगवून बसले. सोमवारी पहाटे तिची बोट सुटली, तेव्हा मात्र जीव खालीवर व्हायला लागला. म्हणून मी लिहिलं, ‘आई, चुकलं माझं.’

मालवणच्या किनाऱ्यावर निरोप धाडायला सगळे ‘गजाली’ वापरतात. हे मोकळं सॉफ्टवेअर (म्हणजे ज्याची आतली रचना कुणीही पाहावी, सुधारावी आणि फुकट वाटावी असं). भर समुद्रात टॉवर कुठला? निरोप माझ्या फोनवरून धक्क्यावरच्या होडीत, तिथून पुढच्या होडीत, असा उड्या मारत जातो. वाटेत तो कुणालाच वाचता येत नाही. आईनं उघडला की उलट्या वाटेनं पोच येते आणि निरोपाशेजारी निळी मासोळी उमटते.

या वेळी मासोळी उमटेना. गुरुवारी आईचं उत्तर आलं, ‘ठीक आहे. काम खूप आहे.’ पण ते कशाचं उत्तर? मधल्या दिवसांत मी सुक्या बांगड्यांबद्दलही दोन निरोप पाठवले होते!

“काय झाला गो?” आजोबांनी विचारलं. आईचे वडील, रुपेश तांडेल. होड्यांवरच्या बिनतारी यंत्रांवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. त्यांनी माझा फोन तासभर उलटासुलटा तपासला, मग गजालीची नवी सूचना वाचली आणि चष्मा काढला.

“फोन धडधाकट आहे. पोचच काढून टाकलीय.”

“कुणी?”

“गजाली बनवणाऱ्यांनीच. एका परदेशी कंपनीची नोटीस आलीय. होडीहोडीनं पोच परत आणायची युक्ती म्हणे तिच्या पेटंटात आहे.”

पेटंट (म्हणजे नवी युक्ती शोधणाऱ्याला सरकारनं साधारण वीस वर्षं दिलेला हक्क: त्याच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्यानं वापरायची नाही). “आणि त्या बदल्यात त्यानं युक्ती सगळ्या जगाला उलगडून सांगायची,” आजोबा म्हणाले. “सौदा तसा वाईट नाही. नाहीतर लोक शोध पोटात ठेवूनच मरतील.”

“पण गजालीवाल्यांनी कुणाचं चोरलं नाही ना?”

“नाही. इथेच तर मेख आहे. तू ठिपक्यांची रांगोळी काढतेस. तुझी रांगोळी कुणी जशीच्या तशी छापून विकली, तर तो तुझ्या प्रताधिकाराचा (म्हणजे आपल्या कलाकृतीवरच्या हक्काचा) भंग. पण उद्या कुणी ‘ठिपके जोडून चित्र काढणं’ ही पद्धतच आपल्या नावावर केली तर?”

“मग माझी स्वतःची रांगोळीसुद्धा मला काढता येणार नाही!”

“बरोबर. सॉफ्टवेअरच्या पेटंटात असंच होऊन बसतं. आपल्या देशात नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, पण गजाली बावीस देशांत चालते आणि त्यांतल्या काहींत मिळतं. मोठी कंपनी दुसऱ्या कंपनीला दर माणशी फी देऊन मोकळी होते. गजालीची माणसं मोजणार कोण? ज्याला हवी त्यानं ती उतरवून घेतलेली. बनवणारे तीस-पस्तीस हौशी लोक. वकील बघूनच त्यांनी पोच काढली.”

मला भयंकर राग आला. आजोबा मात्र खिडकीबाहेर बघत पुटपुटले, “गंमत म्हणजे ही युक्ती आमचीच. २०३१ साली आम्ही चौघांनी पाच होड्यांवर चालवून दाखवली होती. कंपनीचा अर्ज २०४४ चा.”

मी उडालेच. “मग सांगा ना त्यांना!”

“पुरावा खय असा? अर्जाच्या आधीच युक्ती लोकांसमोर होती असं दाखवलं, तर पेटंट टिकत नाही. त्याला पूर्वज्ञान म्हणतात. पण आम्ही सगळं बोलण्यात ठरवलं. यंत्रं भंगारात गेली. मला तेव्हा वाटायचं, तेच्यात काय लिवचा?”

अख्ख्या गावाला तासन्‌तास बोलायला हवं, पण चार ओळी लिहायला नको! मी हट्टानं विचारलं, “त्या चौघांत लिहायची खोड कुणाला होती?”

आजोबा हसले. “खोबरेकर गुरुजींना. जागा दिसली की लेख.”

गुरुजी आता हयात नव्हते. मी तडक वाचनालय गाठलं. ग्रंथपाल सारंगबाईंनी गुरुजींचं नाव ऐकताच हात जोडले आणि वाचनालयाच्या शतक महोत्सवाची २०३३ सालची स्मरणिका काढून दिली. देणगीदारांची यादी आणि बर्फाच्या कारखान्याची जाहिरात यांच्यामध्ये लेख होता: ‘निरोप होडीहोडीने’. आकृतीसकट. पोच कशी परतते, तेही. पहिल्या पानावर वाचनालयात दाखल केल्याचा शिक्का, तारखेसह.

“पण हे कुणी वाचलंच नसेल,” घरी येऊन मी म्हणाले.

“नसेना का,” आजोबा म्हणाले, “वाचायची कुणाला मनाई नव्हती. कायद्याला तेवढं पुरतं.”

आम्ही पानांचे फोटो गजालीवाल्यांना पाठवले. त्यांनी पेटंट कचेरीत हरकत नोंदवली. निकालाला वर्ष लागेल म्हणे, पण कंपनीच्या वकिलांनी स्मरणिका वाचली आणि दहा दिवसांत नोटीस मागे घेतली. त्या स्मरणिकेला इतकं मन लावून वाचणारे वाचक बहुधा पहिल्यांदाच मिळाले असावेत.

गजालीवाल्यांनी पोच पुन्हा सुरू केली आणि मला विचारलं, आणखी काही सुचतंय का? सुचत होतं. जवळ होडी नसेल तर निरोप तरंगत्या बोयांनी सांभाळून ठेवावा. मी ते पायरीपायरीनं लिहिलं, वर तारीख घातली आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. आता ती युक्ती कुणीही वापरावी. ती कुणाला कुलूपबंद करता येणार नाही.

शुक्रवारी दुपारी मासेमारी होड्या धक्क्याला लागल्या आणि माझा फोन थरथरायला लागला. इतके दिवस आईच्या फोनातच अडकलेल्या पोचा एकामागून एक येत होत्या. मी सरकवत सरकवत पहिल्या निरोपापर्यंत गेले. ‘आई, चुकलं माझं.’ शेजारी निळी मासोळी, आणि खाली वेळ: उघडला, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

म्हणजे तिची बोट मनोऱ्याला लागायच्याही आधी. मी उगाच इतके दिवस झुरत होते. मला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.