दुसरा हार

गाडी नेहमीसारखी हारांच्या टेबलापाशी थांबली नाही; वळून सरळ गॅरेजात शिरली. नुआनच्या हातातली मोगऱ्याची कळी हातातच राहिली.

उत्तर थायलंडातल्या लाम्पांगच्या त्या कोपऱ्यावर पुढे आई मोगऱ्याचे वीतभर हार विकायची आणि मागे बाबा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. सकाळी सुई, दुपारी पाना, असा नुआनचा दिवस. आणि या गाडीचा मालक पी कोम अधूनमधून यायचा, न चुकता दोन हार घ्यायचा. "एक आरशाला, एक घरी." घरी! म्हणजे घरी कोणीतरी आहे. नुआनने मनाला केव्हाच दटावून ठेवलं होतं. मन कुठलं ऐकतंय म्हणा.

"गार हवाच येत नाही," तो घाम पुसत म्हणाला. "दोन ठिकाणी गॅस भरून झाला. उद्या खाली दक्षिणेत, सुरात थानीला निघायचंय... नोकरी लागली तिकडे."

"इतक्या लांब?" तिला एकदम उदास वाटलं. "बरं झालं, आदल्या दिवशी तरी सांगितलंत."

"सांगणार होतो. दर वेळी..."

बाबांची कंबर धरलेली, म्हणून डॅशबोर्डखाली शिरायचं काम नुआनचंच. तिने आधी आरशाला टांगलेल्या हारापुढे हात जोडले. "मे या नांग, गाडीची आई तू. तुझ्या घरात हात घालते, रागवू नकोस."

मग तिने इंजिनापाशी पाइप चाचपला. बर्फ धरलेला. आत पंखाही घरघरत होता, पण झरोक्यापुढे धरलेला कागदाचा कपटा जेमतेम हलला.

"गॅसला कशाला दोष देता? गारवा तयार होतोय, वाट अडलीये त्याची. हा समोरचा खण काढावा लागेल."

पी कोमने खणावर हातच ठेवला. "तो... नको उघडायला."

"का? कोणाची चित्रं आहेत आत?"

"तसलं काही नाही."

"मग हात काढा. नाहीतर सुरातपर्यंत उकडत जा."

त्याने हात काढला. खण उघडला आणि नुआनच्या मांडीवर सुकलेले हार घरंगळले. एक, दोन... कितीतरी. प्रत्येकाच्या टोकाला हिरवा दोरा. आई पांढऱ्या दोऱ्याने बांधायची, हिरवा नुआनचा स्वतःचा. खणाची मागची बाजू तडकली होती. तिथून पाकळ्या पंख्यात ओढल्या गेल्या होत्या आणि कूलिंग कॉइलवर त्यांची गोधडी झाली होती.

"सुकलेले हार देवळातल्या पिंपळाखाली ठेवायचे असतात, एवढंही ठाऊक नाही?"

"आरशाचे ठेवतो की. ते वाहिलेले असतात. हे कोणाला वाहिलेच नाहीत."

"घरी नेत होतात ना?"

"घरी कोण आहे? मी आणि एक मांजर." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दुसरा हार तुझ्यासाठीच घ्यायचो, नुआन. पण हार विकणारीला तिचाच हार कसा द्यायचा? हसशील म्हणून... खणात टाकायचो."

ती हसलीच. हसता हसता डोळे भरले, ते तिने कोपराने पुसले आणि कॉइल साफ करायला घेतली. एकेक पाकळी चिमट्याने काढताना तिला कसलीच घाई नव्हती.

खण परत बसला. गाडी सुरू झाली आणि गार हवेचा झोत आला, मोगऱ्याचा जुना वास घेऊन. पी कोम उतरून टेबलापाशी गेला.

"दोन?" आईने सवयीने विचारलं.

"एकच."

तो हार घेऊन नुआनसमोर येऊन उभा राहिला. तिने काळ्या तेलाने माखलेले हात मागे घेतले.

"हात बघा माझे. खराब होईल."

"होऊ दे."

तिने हात पुढे केला. त्याने हार मनगटात सरकवला. हिरवा दोरा तिच्या तळव्यावर लोंबत राहिला.

"सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सुट्टीत येतो," तो म्हणाला. "तुझ्या आईबाबांशी बोलायला."

"या. वाट बघते मी." तिने खणाचं झाकण बंद केलं. "आणि यात आता गाडीचे कागद ठेवा."