सहावा फास

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. कचेरीतल्या साहेबाने नाही, मास्तरांनी नाही. सख्ख्या भावाने तर "ताई, तुला ऊन लागलंय," म्हणत डोक्यावर ओला पंचा टाकला. चौथी शिकलेली बाई, त्यात स्वयंपाकीण. तिचं कोण खरं धरतो? नका धरू. ज्याने उपकार केले त्याचे उपकार चारचौघांत बोलून दाखवावेत, एवढ्यासाठी मी सांगतेय. तो दिवा जरा पुढे सरकवा आणि ऐका.

वाळवंट ओलांडणाऱ्या गाड्यांवर मी काम करते. दोन गाड्या, चारही चाकांना जोर असलेल्या, हौशी माणसं, पाच दिवसांचा रस्ता, म्हणजे रस्ता असा नाहीच. निघण्याआधीची सगळी बांधाबांध माझी. माणशी रोजचं आठ लिटर पाणी, आणि तेही छोट्या डब्यांतून दोन्ही गाड्यांत निम्मं-निम्मं. एक गाडी गेली तरी दुसरीत पाणी हवं. दिवसा अंगाची लाही होते म्हणून लोक पातळ सदरे भरून आणतात आणि पहाटे दात वाजवत माझ्याकडे घोंगडी मागतात. म्हणून घोंगड्या माणशी दोन. वाळूत साधी खुंटी धरत नाही, त्यासाठी हातभर लांब लोखंडी खुंट्या. तोंडाला बांधायला फडकी, डोळ्यांना घट्ट चष्मे, रुतलेल्या चाकाखाली घालायला फळ्या, दोन फावडी.

हे सगळं मला आमच्या ह्यांनी शिकवलं. माझा नवरा याच गाड्यांवर ड्रायव्हर होता. डावखुरा, म्हणून सगळे डावऱ्या म्हणायचे. दोन नियम त्यांचेच. पहिला बिल्ल्याचा. मुक्कामाची जागा जो ठरवेल त्याने आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला पहिल्या खुंटीला अडकवायचा. काही बरंवाईट झालं तर विचारायचं कुणाला, हे कळायला नको? सगळ्यांचे बिल्ले त्यांनीच छिन्नीने ठोकलेले. डाव्या हाताचं काम, अक्षरं सगळी एका अंगाला कललेली, दारू प्यायल्यासारखी.

दुसरा नियम दोरीचा. वादळात सगळ्यांनी एकाच दोरीचे फास कमरेला अडकवायचे, दर थोड्या वेळाने आपापला आकडा ओरडायचा. शेवटचा आकडा कायम ह्यांचा. "शेपूट माझं," म्हणायचे. आणि आकडा ओरडण्याआधी एकदा खाकरायचे, जसे काही सभेत भाषणाला उभे राहिलेत.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. कोरड्या नदीच्या पात्रात तंबू होता, वरच्या डोंगरात पाऊस पडला, लोंढा आला. तंबू, खुंट्या, बिल्ला, काहीच हाती लागलं नाही. आठ दिवसांनी हे तेवढे सापडले. कचेरीने लिहिलं, जागा डावऱ्यानेच ठरवली, चूक त्याचीच. मी ओरडून सांगितलं, हा माणूस पात्रात चहा प्यायलासुद्धा बसायचा नाही! ऐकलं नाही कुणी. माझा लेक शाळेत मान खाली घालून बसायचा. "ज्याला नदी कळली नाही त्याचा पोरगा," असं पोरं म्हणायची. नवरा गेला ते नशीब. पण त्याचं नाव गेलं, ते माझ्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

त्यातून मला उभं केलं ते साखऱ्याने. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, ह्यांचा दोस्त, ह्यांच्या त्या शेवटच्या खेपेलाही बरोबर होता. जिभेवर साखर, म्हणून साखऱ्या. ह्यांच्या जागी मला कामावर त्यानेच लावलं. त्या उपकाराखाली माझी मान वाकलेली. देवाखालोखाल मी त्यालाच हात जोडायची.

तर या खेपेला आम्ही पाच जण. साखऱ्या पुढच्या गाडीवर. मागच्या गाडीवर मुका. तो मुका नाही, पण दिवसाला चार शब्दांच्या वर खर्च करत नाही. एक रिटायर मास्तर, त्यांची बायको, आणि मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ हळदीसारखं पिवळं झालं. वाळूचं वादळ. साखऱ्याने गाडी थेट कोरड्या पात्रात उतरवली. दोन्ही काठ उंच, आडोसा मिळतो म्हणे. मुक्याने मात्र आपली गाडी वर काठावरच ठेवली. का, ते सांगायला त्याचे चार शब्द संपले असतील.

मी म्हटलं, "भाऊजी, इथं नको. तिकडे डोंगरावर काळं दिसतंय."

"वहिनी, ते ढग कुठे, आपण कुठे!"

"पाणी तिथे पडतं आणि इथे येतं. हे मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"आणि वर उघड्यावर मास्तरीणबाईंचा पतंग झाला तर? दोरा कोण धरणार?"

सगळे हसले. मास्तरीणबाई मुळातच काडीसारख्या, त्याही हसल्या. माझी जीभ उपकाराने बांधलेली. एवढंच म्हटलं, "मग पहिल्या खुंटीला बिल्ला लावा."

"लावतो हो." लावला नाही. गळ्यातला नवा बिल्ला त्याने सदऱ्याच्या आत सरकवला. जुना कुठे पडला म्हणून नवा करून घेतला होता.

वादळ आलं ते भिंतीसारखं. भर दुपारी अंधार. दिवा गेल्यावर डोळ्यांना जसं होतं तसं. पण हा अंधार दातांत करकरत होता. एक तंबू काडकन मोडला. साखऱ्याची गाडी चाळीस पावलांवर. तेवढी चाळीस पावलं चालायला दोरी काढली. पाच फास मी माझ्या हाताने बांधले. पुढे साखऱ्या, मग मास्तर, मास्तरीणबाई, मुका, शेवटी मी. माझ्यामागे वावभर मोकळी दोरी वाळूत लोळत होती.

"एक!" साखऱ्या ओरडला.

"दोन..." "तीन..." "चार."

"पाच!" मी.

वाऱ्याचा आवाज क्षणभर बसला. माझ्या मागे, अगदी मानेजवळ, कुणीतरी खाकरलं.

"सहा."

मी वळून पाहिलं नाही. खरं सांगते, वळायची हिंमत नव्हती. त्या सगळ्या धुळीत मला ओल्या मातीचा वास आला. डबक्यात कुजलेल्या चिखलासारखा... थंडगार.

"आणखी कोण बोललं?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"कोणी नाही... चला, चला पुढे..." साखऱ्याचा आवाज मी इतका बारीक कधीच ऐकला नव्हता.

मग माझ्या मागची मोकळी दोरी ताणली गेली. पुढे गाडीकडे नाही, मागे. काठाकडे. झटका नाही, अडलेल्या बैलाला समजावत न्यावं तशी बेताची ओढ. तो हात मला ठाऊक होता. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाची ओढ बाईला कळत नाही होय?

"मागे फिरा!" मी किंचाळले. "वर चढा! सगळे वर!"

साखऱ्या पुढून खेचत होता. "वहिनी, वेड लागलं का! गाडी इकडे आहे..."

पण मुका वळला. मास्तरीणबाई वळल्या. एवढ्यांचं वजन फिरल्यावर साखऱ्याला फरफटत यावंच लागलं. काठ चढताना माझ्या ढोपरांची सालं निघाली. वर पोचलो, दोरी सैल पडली, आणि खालून आवाज आला. खडीचे शंभर ट्रक एकदम ओतावेत तसा. पाऊस नाही, थेंब नाही, आणि पात्रातून पाणी धडाडत आलं. साखऱ्याची गाडी काडेपेटीसारखी उलटीपालटी होत गेली.

मी काठावर बसून रडले. भीतीने नाही. "आलात हो," म्हटलं, "तुम्ही आलात." जन्मात एवढी कृतज्ञ मी कधीच झाले नव्हते.

मुक्याच्या गाडीतलं निम्मं पाणी आणि निम्म्या घोंगड्या पाच जणांना दोन दिवस पुरल्या. पाणी दोन्हीकडे वाटायची शिकवणही त्यांचीच. परतल्यावर कचेरीत जे घडलं ते सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, पात्रात आवाज घुमतो, प्रतिध्वनी असणार. असेल; पण प्रतिध्वनी पुढचा आकडा मोजतो का, हे त्यांनी नाही सांगितलं. साखऱ्या गोड हसला. "वहिनींना धक्का बसलाय. दोरी वर मीच ओढली." साहेबाने तेच लिहून घेतलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साखऱ्या हळूच म्हणाला, "मी आहे ना, वहिनी. डावऱ्याच्या मागे तुमचं सगळं मीच बघितलं की नाही?" आणि मी, मूर्ख बाई, गप्प बसले.

बाहेर मुका माझी वाट बघत होता. त्याने चारच शब्द खर्चले. "ताई, सहा ऐकले मी."

घरी येऊन दोरी वाळत घालायला काढली. फास मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढे आणखी एक. त्याची गाठ डाव्या हाताची. माझ्या हाताला तशी गाठ येतच नाही. बाकीची दोरी दोन दिवसांच्या उन्हात कडक झालेली, हा सहावा फास मात्र ओला. आज महिना झाला, अजून ओलाच आहे. हात लावून बघा, चिखलाचा वास येईल.

फासात एक लोखंडी खुंटी घट्ट आवळलेली होती. तीन वर्षं पाण्यात-वाळूत पडल्यासारखी गंजलेली. खुंटीला पत्र्याचा बिल्ला. गंज मी नखाने खरवडला. खालची अक्षरं एका अंगाला कललेली, ह्यांच्याच छिन्नीची. लेकाला जवळ बोलावलं. म्हटलं, तुझ्या बापाला नदी कळत होती रे. त्या दिवशी जागा कुणी ठरवली, ते तूच वाच.

त्याने अक्षरांवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं.

"साखऱ्या."